अर्जातला पत्ता

फेब्रुवारी-मार्च आला की आपल्या संस्थेच्या कार्यालयात संध्याकाळी पालकांची ये-जा वाढते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात मुलाचा जन्मदाखला, जातीचा दाखला, रेशन कार्ड, कुणाकडे वीजबिल. शिक्षण हक्क कायद्याखालील पंचवीस टक्के जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरून घ्यायचा असतो. बँक सुटल्यावर आम्ही दोघे-तिघे सभासद तेथे बसून हे अर्ज भरून देतो. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात हे रकाने झटपट भरले जातात. घोडे अडते ते पत्त्यापाशी. पडद्यावर नकाशा उघडतो आणि आपले घर नेमके कोठे आहे, तेथे एक खूण ठेवावी लागते. तिला सारे ‘बलून’ म्हणतात. बलून ठेवला की एक किलोमीटरच्या आतील शाळांची यादी येते, मग एक ते तीन किलोमीटरमधील शाळांची. प्रवेशाचा अग्रक्रमही त्याच क्रमाने. कुणाच्या यादीत सहा-सात नावे येतात, कुणाच्या यादीत एक आणि तीही नको असलेली.

अशाच एका संध्याकाळी सांगलीत धुणीभांडी करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. मुलगा पहिलीत जायचा. ज्या शाळेत त्याला घालावे अशी त्यांची इच्छा होती, ती त्यांच्या कामाच्या बंगल्यापासून दोन मिनिटांवर. आणि त्यांचे घर तेथून पाच किलोमीटरवर. बलून घरावर ठेवला, तेव्हा त्या शाळेचे नाव जवळच्या यादीत आलेच नाही. त्या म्हणाल्या, “दादा, सकाळी सातपास्नं मी तिथंच असते की. तिथलाच पत्ता घाला.”

पत्ता घालता आला नाही. पडताळणीत घरी येऊन पाहतात, खोटा पत्ता आढळला तर प्रवेश रद्द होतो, हे आम्ही त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पिशवी उचलून त्या गेल्या. तेव्हापासून त्यांचा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. जेथे माणूस राबतो तेथे त्याचे मूल शिकू का शकत नाही? या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा थोडा अभ्यास करावा असे ठरवले.

साताऱ्याचा कॅम्प

सुरुवात आपल्या माहितीच्या तारखेपासून करू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाने एका मुलाचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला. शाळा तेव्हा राजवाड्यात भरत असे. पुढे तिला प्रतापसिंह हायस्कूल हे नाव मिळाले. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकाची ती नोंद आहे. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपणही तो साजरा करतो, भाषणे होतात. परंतु हा मुलगा त्या शाळेच्या चालण्याच्या अंतरात राहायला कसा आला, हा प्रश्न त्या भाषणांत आम्ही तरी फारसा ऐकलेला नाही.

उत्तर रामजी सुभेदारांच्या नोकरीत आहे. कुटुंबाचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. रामजी सैन्यात होते, सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर दापोली आणि तेथून सातारा असे बिऱ्हाड हलले. साताऱ्यात ते राहिले कॅम्पात, म्हणजे आजच्या सदर बझारच्या भागात. कॅम्प ही लष्कराच्या निमित्ताने वसलेली वस्ती. गावात जशी जातवार जागा ठरलेली असते, गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, तशी ती कॅम्पात पूर्वापार ठरलेली नव्हती. सैन्यातून निवृत्त झालेल्या महार कुटुंबाला शहरालगत पत्ता मिळाला तो त्यामुळे. आंबडव्यास राहून त्या काळी इंग्रजी शाळेचे नाव काढणेही शक्य नव्हते.

साताऱ्यात सगळे सुखाचे होते असे मात्र कुणी समजू नये. बाबासाहेबांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत ते लिहून ठेवले आहे. वर्गात वेगळे बसायचे, गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा; शिपायाने नळ सोडला तरच पाणी. केस कापायला न्हावी मिळत नसे, ते काम थोरली बहीण करी. १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलांवर मसूर स्टेशनावर काय प्रसंग गुदरला, तो विद्यार्थ्यांनी मुळातूनच वाचावा. पत्त्याने शाळेचे दार उघडले. वर्गातला कोपरा मात्र तसाच राहिला. या दोन निरनिराळ्या लढाया आहेत आणि दुसरी लढायला आधी दाराच्या आत असावे लागते.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला गेले. परळच्या चाळीत खोली आणि एल्फिन्स्टन हायस्कूलात नाव. खोली लहान, पण पत्ता मुंबईचा.

त्याच सुमारास हा रस्ता मात्र बंद होत आला होता. १८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती थांबवली. भरती नाही म्हणजे पेन्शन नाही आणि कॅम्पातले घरही नाही. मागून येणाऱ्या मुलांसाठी दुसरी वाट शोधणे भाग होते.

मुलाला शाळेकडे आणणे

ती वाट कोल्हापूरहून निघाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. महाराजांनी हेरले होते की खेड्यातल्या मुलाची अडचण फीपुरती नसते. शहरात त्याने रात्री पाठ टेकायची कोठे, भाकरी कोण देणार, हा खरा प्रश्न असतो.

हेच काम कर्मवीर भाऊराव पाटलांनी आपल्या जिल्ह्यांत आणले. नव्या सभासदांसाठी सांगावे लागेल की १९४९ पर्यंत सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो साताऱ्यातून वेगळा निघाला, आधी ‘दक्षिण सातारा’ आणि १९६० मध्ये ‘सांगली’. म्हणून सांगलीजवळचे दूधगाव आणि कऱ्हाडजवळचे काले ही एकाच कामाची गावे. दूधगावला भाऊरावांनी आधी वसतिगृहाचा प्रयोग केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. त्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधी तेथे आले आणि बोर्डिंगला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. मुलांच्या पोटाला घालायला लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ही हकीकत साताऱ्यात घरोघर माहीत आहे, तरी ती पुन्हा सांगण्याचे कारण आहे. तो पैसा इमारतीच्या दर्शनी भागावर खर्च झालेला नाही. तो धान्यावर खर्च झाला.

बाबासाहेबांनीही १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केल्यावर पहिल्या कामांत जे काम हाती घेतले ते सोलापूरच्या वसतिगृहाचे होते. ते १९२५ मध्ये सुरू झाले.

सांगलीची उंच जमीन

आता सांगलीकडे वळू. येथे जमिनीची एक गंमत आहे, खरे तर गंमत म्हणवत नाही. जुने गाव कृष्णेच्या काठी आहे. १९१९ मध्ये सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावर विलिंग्डन कॉलेज निघाले, १९४७ मध्ये त्याच भागात आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय. कॉलेजे आली म्हणून प्राध्यापक आले; बंगले झाले, मागून दवाखाने, बँका, नावाजलेल्या शाळा. तोच आजचा विश्रामबाग. उंच, कोरडा आणि महाग.

गरिबांच्या वाट्याला नदीच्या अंगची जमीन आली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ चे पूरही विसरण्यासारखे नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावे पावसाळ्यात सर्वांत आधी ऐकू येतात. बँकेत आम्हाला याचा दुसरा भाग दिसतो. २०१९ नंतर घरकर्जाला आलेला माणूस व्याजदराच्या आधी विचारतो, “तिथं पाणी येतं का?” ज्याला परवडते तो उंचावर सरकतो. त्यामुळे उंचावरचा दर वाढतो आणि ज्याला परवडत नाही त्याच्यापासून ती जमीन आणखी लांब जाते. शाळा त्या जमिनीवरच आहेत.

मधली एक पायरी आहे गुंठेवारीची. शेतजमिनीचे बेकायदा तुकडे पाडून स्टॅम्पपेपरवर विकलेले एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली, तेव्हा अशा वसाहतींचे मोठे क्षेत्र तिच्या हद्दीत होते. २००१ मध्ये त्या नियमित करण्याचा कायदा आला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेतली. कायदा चांगल्या हेतूचा आहे. परंतु मंजूर आराखड्यात मोकळी जागा सोडावी लागते, रस्ते आखावे लागतात, मोठ्या आराखड्यात सार्वजनिक सोयींनाही जागा ठेवावी लागते. गुंठेवारीत मालकाने इंच न् इंच विकलेला असतो. प्लॉट मागाहून नियमित होतो, पण शाळेसाठी न ठेवलेली जमीन मागाहून उगवत नाही. शिवाय कागद स्वच्छ नसला की बँक कर्ज देत नाही. मग तो माणूस हातउसन्यावर आणि सावकारी व्याजावर घर बांधतो. स्वस्त म्हणून घेतलेले घर असे महाग पडते. काउंटरच्या अलीकडे बसून असे कितीतरी अर्ज आम्ही परत केले आहेत. नियम आम्ही केलेला नाही. पण परत करणारा हात आमचाच होता.

शासनाने काही केले नाही असेही नाही. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा सांगलीला लागू होता. जादा जमिनीवर दुर्बल घटकांसाठी घरे बांधली तर सूट, अशी त्यात तरतूद होती. कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला. पुढे मोठ्या गृहप्रकल्पांत वीस टक्के घरे अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम आला, पण तो दहा लाख वा अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या होती पाच लाखांच्या थोडी वर. साताऱ्याची नगरपालिका त्याहून कितीतरी लहान. त्या नियमाने ही दोन्ही शहरे बाहेरच राहिली.

रमाई आवास योजना २००८ पासून आहे आणि तिने आपल्या अनेक कुटुंबांच्या डोक्यावर पक्के छप्पर घातले. पण तिची रीत लक्षात घ्या. घर बांधायला अनुदान मिळते, ते आपली जागा असेल तेथे. आपली जागा वस्तीत, म्हणून घरही वस्तीतच. २०२० मध्ये शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तोही योग्यच. पाटीवरचे नाव बदलले. वस्तीपासून शाळेचे अंतर होते तेवढेच आहे.

आमची एक हकीकत

नोकरीच्या सुरुवातीला बदली झाली तेव्हा आम्ही एका चांगल्या वसाहतीत भाड्याचे घर शोधत होतो. एजंटाने घर दाखवले, पत्नीला पसंत पडले, भाडे ठरले. घरमालकांनी चहा दिला. मग आडनाव विचारले, मूळ गाव विचारले, गावात घर कोणत्या बाजूला तेही विचारले. दुसऱ्या दिवशी एजंटाचा निरोप आला की मालकांचा पुतण्या राहायला येणार आहे. तो पुतण्या पुढे वर्षभर आलाच नाही, घराला कुलूप होते. त्यावर आम्ही तक्रार केली नाही. कुणाकडे करणार, आणि सांगणार काय?

ही हकीकत सांगितल्यावर तिचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. पुढे पगार वाढला, बँकेतूनच कर्ज मिळाले आणि आम्ही शहराच्या त्याच अंगाला फ्लॅट घेतला. आमची दोन्ही मुले चालत शाळेत गेली. ज्या वस्तीत आम्ही वाढलो तेथून आमच्यासारखी आणखी दहा-बारा नोकरदार कुटुंबे निघाली. आता वस्तीत संध्याकाळी कुणाला इंग्रजी पत्र वाचून घ्यायचे असेल, फॉर्म भरायचा असेल, तर तेथे माणूस नाही. त्यासाठी त्यांना संस्थेच्या कार्यालयात यावे लागते आणि आम्हाला ते समाजकार्य वाटते.

कायद्याचे कलम

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कलम १२(१)(क) प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या, फी शासनाने भरायची. अनुसूचित जातीच्या मुलाला महाराष्ट्रात यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे अजूनही पुष्कळ पालकांना माहीत नसते. मोफत शिक्षण आठवीपर्यंत. नववीला पूर्ण फीचा कागद हातात पडतो, त्याची तयारी आधीपासून ठेवावी.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. चांगली शाळा म्हणजे इंग्रजी पाटीची शाळा असे आम्ही मानत नाही; बाबासाहेबांची साताऱ्याची शाळा सरकारीच होती, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उत्तम चालणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. पण कुठे शिकायचे हे पालकाने ठरवणे वेगळे आणि जवळ सरकारी शाळा आहे एवढ्याच कारणाने दुसरे दार लावून घेणे वेगळे.

हा प्रश्न आपल्याच देशात आहे असेही नाही. अमेरिकेत सरकारी शाळा बहुधा राहत्या भागावरून ठरते. न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाच्या गावाने बांधकामाचे नियमच असे केले होते की गरिबाला तेथे घर घेता येऊ नये. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ते चूक ठरवले. तरी त्या गावात प्रत्यक्ष स्वस्त घरांत कुटुंबे राहायला आली ती २००० मध्ये. निकाल आणि किल्ली यांत पंचवीस वर्षे गेली. त्याच देशात १९९४ पासून पाच शहरांतील गरीब कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून चांगल्या भागात भाड्याने राहायला मदत दिली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की तेराव्या वर्षाच्या आत जी मुले अशी हलली, त्यांची मोठेपणीची कमाई मागे राहिलेल्यांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होती. मोठ्या वयात हललेल्यांना तसा लाभ झाला नाही.

आमच्या दृष्टीने यातला वयाचा मुद्दा महत्त्वाचा. दहावीनंतर शहरात वसतिगृहात जागा मिळाली नाही तर शासनाच्या स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याला पैसे मिळतात. विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घ्यावाच. सहावीसाठी खावली आणि पलूस येथील नवोदय विद्यालये आहेत. साताऱ्यातच १९६१ पासून सैनिक स्कूल आहे, तेथे अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत. या शाळांत राहण्याची सोय असल्याने घराजवळच्या शाळेचा प्रश्नच उरत नाही. पण त्यांची परीक्षा पाचवीत द्यावी लागते आणि तिची तयारी होते ती पहिली ते चौथीत. सहा ते दहा या वयातल्या मुलाला आईबापांपासून दूर ठेवणे बरे नाही. त्या वयात मुलाबरोबर घरच हलावे लागते.

संस्थेपुढचा विषय

आपल्या संस्थेच्या इमारतीवर दुसरा मजला चढवण्याचा ठराव आहे. निधी बऱ्यापैकी जमला आहे. मोठे सभागृह करावे असे बहुसंख्य सभासदांचे मत दिसते. लग्नकार्याला उपयोग, भाड्याचे उत्पन्न. आम्ही विरोध करीत नाही, परंतु एवढी सूचना सभेपुढे ठेवतो की निम्मा मजला खोल्यांसाठी ठेवावा. चार कुटुंबांना तीन-तीन वर्षे राहता येईल असा. संस्थेची इमारत कोणत्या शाळांच्या एक किलोमीटरच्या आत येते ते आम्ही नकाशावर पाहिले आहे. पाच शाळा येतात.

दुसरी सूचना ठेवीच्या निधीची. प्रवेशासाठी भाडेकरार अकरा महिन्यांचा किंवा अधिक मुदतीचा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला लागतो. नोटरी केलेला कागद चालत नाही. करार अर्ज भरण्यापूर्वीचा हवा. पालक बहुधा डिपॉझिटच्या रकमेपाशी अडतो. संस्थेने ती रक्कम बिनव्याजी द्यावी, मालकाकडून परत आली की पुढच्याला द्यावी. बुडण्याचा धोका आहे, पण तो हिशेब मांडून सोसण्याजोगा आहे असे बँकेतल्या अनुभवावरून वाटते.

तिसरी सूचना आम्हाला स्वतःलाच लागू आहे. ज्या सभासदांची घरे चांगल्या भागात आहेत त्यांनी एखादी खोली नोंदणीकृत कराराने खऱ्या राहणाऱ्या कुटुंबाला द्यावी. ‘आमच्या सोसायटीत चालत नाही’ हे उत्तर आम्हीही मनात देऊन पाहिले आहे. पुतण्या येणार आहे, याच्या शेजारी ते उत्तर बसते.

धुणीभांडी करणाऱ्या त्या बाईंचा मुलगा महापालिकेच्या शाळेत गेला, तेथे तो रमला आहे असे त्या सांगतात. धाकटी मुलगी येत्या जूनला पहिलीत जाईल. आमच्या फ्लॅटला मागच्या बाजूने वेगळे दार असलेली एक खोली आहे, सध्या तिच्यात जुनी पुस्तके आणि मुलांच्या सायकली आहेत. करार डिसेंबरच्या आत नोंदवावा लागेल. घरात यावर दोनदा बोलणे झाले, अजून एकमत झालेले नाही. सायकली कोणाला द्यायच्या हे मात्र ठरले आहे.